हिंगोलीचा संगणक, हॅनोव्हरचं काम

मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेला बसलेली मुलं घामाघूम होतात, पण त्यांच्यासमोरच्या संगणकाला त्या पेपरात काम असं जवळजवळ नसतंच. एक अक्षर दाबून बोट दुसऱ्या अक्षरावर पोचेपर्यंत आजचा साधा प्रोसेसरसुद्धा कोट्यवधी बेरजा-गुणाकार करून मोकळा होईल. आपण त्याला तसं काही सांगत नाही, एवढंच. टास्क मॅनेजर उघडून बघा : वापर तीन टक्के, चार टक्के. बाकीची सगळी ताकद बसून असते.

मी हिंगोलीत संगणक टायपिंगची संस्था चालवते. सकाळच्या आणि संध्याकाळच्या बॅचेस भरलेल्या असतात. दुपारी कुणी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला येतं, कुणी हॉल तिकिटाची प्रिंट काढायला. मशीन मात्र दिवसभर चालू. त्या मशीनच्या रिकाम्या वेळावर गेली काही वर्षं जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातल्या एका संशोधन संस्थेचं काम चालतं. पगार नाही, करार नाही, ओळखपाळख नाही. एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. तो इंटरनेटवरून गणिताचा एक तुकडा उतरवून घेतो, सोडवतो, उत्तर परत पाठवतो आणि पुढचा तुकडा मागतो. जगभरातल्या लाखो लोकांनी आजवर आपले संगणक असे विज्ञानाला दिले. त्यातून नवे तारे सापडले, औषधांच्या शोधाला हातभार लागला. आपल्या गावांत हे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून हा लेख.

हे जमतं कसं, ते आधी सांगते. लग्नघरी गव्हाची पोती निवडायची असली की गल्लीतल्या बायका आपापलं सूप घेऊन येतात. प्रत्येकीपुढे थोडे थोडे गहू ओतले जातात. एकीचे खडे काढून होईपर्यंत दुसरीला थांबावं लागत नाही, आणि कुणी मध्येच उठून घरी गेली तरी तिच्यापुढचे गहू शेजारणीला देता येतात. विज्ञानातले काही प्रश्न असेच असतात. त्यांचे हजारो, लाखो तुकडे पाडता येतात आणि एका तुकड्याचं दुसऱ्यावाचून अडत नाही. असा प्रश्न हिंगोली, हैदराबाद आणि हेलसिंकीतल्या संगणकांना वाटून देता येतो.

सगळेच प्रश्न असे नसतात. उद्याच्या पावसाचा अंदाज करताना नांदेडवरची हवा पुढच्या क्षणी काय करेल हे परभणीवरच्या हवेवर अवलंबून असतं, म्हणून हिशेबाच्या प्रत्येक पायरीला सगळ्या भागांना एकमेकांशी बोलावं लागतं. त्यासाठी एकाच इमारतीत, वेगवान तारांनी जोडलेला महासंगणकच लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ बसवला तो याच कारणासाठी. पण हवामानाच्याच क्षेत्रात ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये वेगळी वाट काढली. पृथ्वीच्या हवामानाचं अख्खं प्रारूप त्यांनी प्रत्येक घरच्या संगणकाला दिलं, फक्त प्रत्येकाला आकडे जरासे बदलून दिले : एकाकडे ढग थोडे वेगळे वागणार, दुसऱ्याकडे पाऊस. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याची उत्तरं हजारो संगणकांकडून आली. २००५ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत ती १.९ अंशांपासून ११.५ अंशांपर्यंत पसरलेली होती. आपल्या अंदाजात अनिश्चितता किती आहे, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर मोजून बघणं त्या काळी एखाद्या विद्यापीठाला स्वतःच्या यंत्रांवर परवडलं नसतं.

या सगळ्याला जगभर नाव मिळालं ते परग्रहवासीयांच्या शोधामुळे. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारातून ‘सेटी अ‍ॅट होम’ सुरू झालं. पोर्तो रिकोतल्या आरेसिबो इथल्या ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीनं ऐकलेला अवकाशातला आवाज चुंबकीय फितींवर नोंदला जाई, त्या फिती टपालानं बर्कलीला येत, आणि तिथं त्यांचे बारीक तुकडे पाडून ते घरोघरच्या संगणकांना पाठवले जात. एक तुकडा म्हणजे जेमतेम १०७ सेकंदांचा आवाज. त्यात कुणी मुद्दाम पाठवलेल्या संदेशासारखं काही आहे का, हे शोधायचं. वीस वर्षांत ५२ लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. ३१ मार्च २०२० ला नवं काम पाठवणं थांबलं. परग्रहवासी सापडले नाहीत. पण डेव्हिड अँडरसन या संगणकतज्ज्ञानं त्याच अनुभवातून ‘बोइंक’ नावाचा खुला प्रोग्रॅम उभा केला. कुठल्याही शास्त्रज्ञाला आपलं काम त्यावर मांडता येतं आणि कुठल्याही माणसाला त्यातलं आवडीचं काम निवडता येतं. माझ्या मशीनवर आहे तो बोइंकच.

त्यावर मी निवडलेलं काम म्हणजे ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’. ते १९ फेब्रुवारी २००५ ला सुरू झालं. हॅनोव्हरच्या माक्स प्लांक गुरुत्वीय भौतिकी संस्थेचे ब्रूस अ‍ॅलन त्याचे प्रमुख. शोध कशाचा, ते जरा सावकाश सांगायला हवं, कारण त्याच्याशी आपल्या जिल्ह्याचा संबंध आहे.

मोठा तारा जळून संपतो तेव्हा त्याचा गाभा स्वतःवर कोसळतो. उरतो तो न्यूट्रॉन तारा : सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान, आणि व्यास पंचवीस किलोमीटरच्या आत, म्हणजे एखाद्या शहरात मावेल इतका. असा तारा सेकंदाला कित्येक वेळा स्वतःभोवती फिरू शकतो. त्यातल्या काहींचा रेडिओ लहरींचा झोत दर फेरीला पृथ्वीवरून सरकून जातो आणि आपल्या दुर्बिणींना ठोके ऐकू येतात. अशा ताऱ्यांना स्पंदक म्हणतात. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीनं पहिला स्पंदक टिपला. आज आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या तीस तबकड्याही स्पंदकांचा अभ्यास करतात.

न्यूट्रॉन तारा अगदी गुळगुळीत गोल असला तर त्यातून गुरुत्वीय लहरी निघत नाहीत. पण त्याच्या पृष्ठभागावर एका बाजूला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान उंचवटा असला, तर तारा फिरताना अवकाशालाच सतत हलका हेलकावा देत राहील. आइन्स्टाइननं १९१६ मध्ये अशा लहरींचं भाकीत केलं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या दोन केंद्रांनी पहिली गुरुत्वीय लहर पकडली. ती एकमेकांत विलीन झालेल्या दोन कृष्णविवरांची होती, अब्जाहून अधिक प्रकाशवर्षांवरची, आणि सेकंदाच्या काही दशांशांत संपलेली. न्यूट्रॉन ताऱ्याची लहर संपणारी नसते, वर्षानुवर्षं चालते, पण ती त्या लहरीपेक्षा कितीतरी दुबळी असते. इतकी दुबळी की महिनोन्‌महिन्यांची नोंद एकत्र करून, गोंगाटाखालून ती उपसून काढावी लागते.

घरच्या संगणकांची गरज पडते ती इथे. नोंद एकत्र करायची तर पृथ्वीच्या हालचालीचा हिशेब चुकता करावा लागतो. पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, त्यामुळे येणाऱ्या लहरीचा सूर सतत थोडा चढतो, थोडा उतरतो. किती चढतो-उतरतो हे तारा आकाशात नेमका कुठं आहे त्यावर ठरतं, आणि तारा कुठं आहे हेच तर माहीत नाही. म्हणून आकाशाचा एकेक बिंदू घ्यायचा, तिथं तारा आहे असं समजायचं, त्याचा फिरण्याचा वेग अमुक आणि वेग मंदावण्याची गती तमुक असं धरायचं, आणि नोंद त्या साच्याशी ताडून बघायची. जुळलं नाही, पुढचा साचा. निरीक्षणाचा काळ वाढवला की असे साचे अफाट वेगानं वाढतात. हॅनोव्हरच्या संस्थेकडे ‘अ‍ॅटलास’ नावाचा स्वतःचा मोठा संगणकसंच आहे, पण सगळं आकाश धुंडाळायला तो एकटा पुरत नाही. घरोघरचे संगणक पहिली चाळण करतात आणि आशादायक उत्तरं अ‍ॅटलासवर बारकाईनं तपासली जातात.

साचे किती घ्यायचे, त्यांच्यात अंतर किती ठेवायचं म्हणजे लहरही निसटणार नाही आणि वेळही वाया जाणार नाही, हा प्रश्न पुण्यात फार आधी हाताळला गेला, याचा मला अभिमान वाटतो. ‘आयुका’ या तिथल्या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये, लायगोची वेधशाळा उभीही राहिली नव्हती तेव्हा, एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या जोडताऱ्यांच्या लहरींसाठी असे साचे कसे निवडावेत यावर काम प्रसिद्ध केलं. पुढे धुरंधरांनी सतत चालणाऱ्या लहरी शोधण्याच्या पद्धतींवरही सहकाऱ्यांबरोबर लिहिलं. दुपारी माझ्या मशीनचा पंखा जोरात फिरू लागतो तेव्हा आत जे गणित चालतं, त्याच्या घराण्याची एक शाखा पुण्यात आहे.

अशी लहर अजून सापडलेली नाही. मला विद्यार्थी विचारतात, मग एवढी वर्षं केलं काय? लायगोच्या खुल्या माहितीवरचा सगळ्या आकाशाचा एक खोल शोध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून कळलं ते असं की अमुक अंतराच्या आत, अमुक वेगानं फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यावर अमुक उंचीपेक्षा मोठा उंचवटा असता तर तो आपल्याला दिसला असता. म्हणजे तो नाही. माणसानं ज्याला कधी हात लावलेला नाही, लावताही येणार नाही, त्या पदार्थाच्या पृष्ठभागाबद्दल आपल्याला एक पक्की गोष्ट कळली. मला हे उत्तर फार मोठं वाटतं.

दुसऱ्या बाजूनं मात्र हाती घसघशीत काही लागलं आहे. २००९ पासून आइन्स्टाइन अ‍ॅट होमनं आरेसिबोच्या रेडिओ नोंदींमध्येही स्पंदक शोधायला सुरुवात केली, आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये पहिला शोध ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. हंस तारकासमूहाच्या शेजारी, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर, सेकंदाला ४१ वेळा फिरणारा तारा. नोंद २००७ सालची होती. तीन वर्षं ती साठवणीत होती आणि तारा तिच्यात होता. तो सापडला अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्त्स शहरातल्या एका माणसाच्या संगणकावर. दोन ठिकाणी का? बोइंकवर एकच तुकडा दोन अनोळखी लोकांना दिला जातो आणि दोघांची उत्तरं जुळली तरच ती धरली जातात. जुळली नाहीत तर तिसऱ्याला विचारतात. कुणाच्या मशीनची मेमरी बिघडलेली असते, कुणी खोटं उत्तर पाठवू शकतं. या नियमामुळे शास्त्रज्ञांना कुणावर विश्वास टाकावा लागत नाही. त्याच नियमामुळे त्या ताऱ्याच्या शोधाचं श्रेय दोन देशांतल्या लोकांना मिळालं.

तेव्हापासून रेडिओ आणि गॅमा किरणांच्या नोंदींतून ऐंशीपेक्षा जास्त न्यूट्रॉन तारे या वाटेनं सापडले आहेत. २०२० मधला एक तर विलक्षण आहे : सेकंदाला पाचशेहून जास्त फेऱ्या, आणि जोडीदाराशी तो इतका जवळ की दोघं ७५ मिनिटांत एकमेकांभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करतात. फर्मी उपग्रहाच्या गॅमा किरणांच्या नोंदींत तो दडलेला होता, आणि त्याला शोधलं लोकांच्या ग्राफिक्स कार्डांनी. मुलं ज्यांच्यावर गेम खेळतात त्याच कार्डांनी. ज्यांच्या मशीनवर शोध लागतो त्यांची नावं शोधनिबंधात आभारपूर्वक छापली जातात. डिग्री विचारली जात नाही.

आमच्या मशीनवर पाच मिनिटं कुणी काही केलं नाही की पडद्यावर आकाशाचा गोल फिरू लागतो. तारकासमूहांच्या रेषा, स्पंदकांचे ठिपके, आणि आत्ता मशीन आकाशात कुठं शोधतंय त्याची खूण. आमच्याच जिल्ह्यातल्या औंढ्याकडून येणारी एक मुलगी पहिल्या आठवड्यात म्हणाली, “मॅडम, ह्ये काय फिरायलंय? व्हायरस हाय का?” तिला मृग दाखवला, मग सप्तर्षी. ते तिला गच्चीवरून ओळखता येत होते. इंग्रजी टायपिंगची बॅच संपल्यावर ती थांबून पुढचं विचारू लागली, आणि संस्थेत हा विषय मुलांचा झाला तो तेव्हापासून.

औषधांच्या बाजूचं काम मी स्वतः कमी केलं आहे, तरी त्याबद्दल सांगायलाच हवं. ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’ स्टॅनफर्ड विद्यापीठात २००० मध्ये विजय पांडे यांनी सुरू केलं. प्रथिनं म्हणजे लांब साखळ्या. त्या पेशीत घड्या पडून ठरावीक आकार घेतात आणि त्या आकारावर त्यांचं काम चालतं. शिवाय तो आकार स्थिर नसतो, सतत हलतो, क्षणभर उघडतो, मिटतो. औषधाचा रेणू कधी कधी नेमका त्या उघडलेल्या फटीतच बसू शकतो. ही हालचाल संगणकावर क्षणाक्षणानं उभी करायची म्हणजे अतोनात हिशेब. २०२० च्या मार्चमध्ये या प्रकल्पानं करोना विषाणूची प्रथिनं हातात घेतली आणि जगभरचे लोक त्याच्याकडे धावले. आधी साधारण तीस हजार मशीन होती. काही महिन्यांत दहा लाखांवर गेली. सगळ्यांची मिळून ताकद सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडीच्या पुढं गेली, तेव्हाच्या सर्वांत वेगवान महासंगणकाच्या कितीतरी पट. मध्ये काही दिवस तर मदत करणारे इतके झाले की वाटायला काम पुरेना. टाळेबंदीत संस्थेला कुलूप होतं, मी एक मशीन घरी आणलं होतं, आणि बातम्या ऐकत हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा ते चालू ठेवणं मला आधार देऊन गेलं. विषाणूच्या पृष्ठभागावरचं काट्यासारखं प्रथिन कसं उघडतं, हे त्या हिशेबांतून दिसलं. ‘कोविड मूनशॉट’ नावाच्या खुल्या औषधशोधातही ही ताकद वापरली गेली. त्यातले रेणू कुणाच्या पेटंटखाली ठेवले नाहीत, सगळ्यांसाठी उघडे ठेवले.

आता प्रथिनांचे आकार कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते, मग घरच्या संगणकांची गरज काय, असं विचारतात. अल्फाफोल्डसारखा प्रोग्रॅम घडी पडलेला आकार सांगतो. तो आकार कसा हलतो, कुठं उघडतो, हे काम अजून मोठ्या प्रमाणावर हिशेब करूनच बघावं लागतं.

आता विजेचं बोलू, कारण फुकट काहीच नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचे संगणक बसून असतानाही जवळजवळ तेवढीच वीज खात. तेव्हा रिकामा वेळ खरोखर फुकट होता. आजचा प्रोसेसर काम नसेल तर झोपतो आणि वीज वाचवतो. प्लगला लावायचं वॅटमीटर आणून मी मोजलं : माझं एक साधं डेस्कटॉप नुसतं चालू असताना ३५ वॅट घेतं, पूर्ण कामाला लावलं तर ७० च्या आसपास. म्हणजे विज्ञानाचा वाटा ३५ वॅटचा. सहा तास चालवलं तर पाव युनिटाच्या आत. मी हे देणगी म्हणूनच धरते, देवळात देतो तशी, आणि महिन्याला किती द्यायची ते आधी ठरवते. घरात चालवणार असाल तर बिलाचा टप्पा बघा. महिन्याला शंभर युनिटांच्या आत असलेलं घर यामुळे शंभराच्या पुढं गेलं, तर पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो. ग्राफिक्स कार्डवालं मोठं मशीन दिवसरात्र चालवलं तर तीनशेचा टप्पाही जवळ येतो. केवळ या कामासाठी बंद मशीन चालू करू नका. दहा-बारा वर्षांपूर्वीचं जुनं खोकं तर मुळीच लावू नका. ते वीज भरपूर घेतं आणि काम थोडं करतं.

दुसरा प्रश्न आमच्याकडच्या उन्हाळ्याचा. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना प्रोसेसरला पूर्ण कामाला जुंपणं बरं नाही. बोइंकच्या सेटिंगमध्ये सांगता येतं की चारपैकी दोनच कोर वापर, किंवा ठरावीक तासांतच काम कर. उन्हाळ्यात माझी मशीन सकाळी लवकरच काय ते करतात. महिन्यातून एकदा सीपीयूचा डबा उघडून पंख्याची आणि हीटसिंकची धूळ ब्लोअरनं काढायची. हळदीच्या हंगामात आमच्या रस्त्यावरून गाड्या भरून जातात तेव्हा दोनदा. लाईट गेली तर काम बुडत नाही. प्रोग्रॅम थोड्या थोड्या वेळानं आपली जागा डिस्कवर लिहून ठेवतो आणि लाईट आल्यावर तिथून पुढं चालू होतो. आइन्स्टाइन अ‍ॅट होमच्या तुकड्याला सहसा चौदा दिवसांची मुदत असते, लोडशेडिंगच्या गावाला ती पुरते.

बसवणं अवघड नाही. बोइंकच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच प्रोग्रॅम घ्यायचा, यादीतून प्रकल्प निवडायचा, ईमेल आणि पासवर्ड द्यायचा. सेटिंगमध्ये ‘संगणक वापरात असताना थांब’ ही खूण आधी करा, म्हणजे कामाच्या वेळी काही जाणवणार नाही. अँड्रॉइड मोबाईलवरही चालतं, तिथं प्रोग्रॅम मुळातच चार्जरवर, वायफायवर आणि बॅटरी भरत आलेली असतानाच काम करतो. प्रकल्प निवडताना मी दोन गोष्टी बघते : मागे विद्यापीठ किंवा संशोधन संस्था आहे का, आणि आजवरचे निष्कर्ष छापून सगळ्यांना मोकळे केले आहेत का. तुमच्या संगणकाच्या ताकदीवर पैसे कमावून देतो म्हणणारे प्रोग्रॅम वेगळे, त्यांच्या नादी लागू नये.

आणि परवानगी. मशीन आपलं नसेल तर लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका कॉलेजच्या संगणक कर्मचाऱ्यानं न विचारता कॉलेजच्या मशीनवर असाच एक प्रोग्रॅम बसवला होता. हेतू वाईट नव्हता, तरी त्याच्यावर फौजदारी खटला झाला आणि २००२ मध्ये दंड व परिवीक्षेवर तो मिटला.

परवानगीचा मुद्दा मला आत्ता जवळचा आहे, त्याचं कारण औंढा नागनाथ. ज्योतिर्लिंगासाठी सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेल्या या तालुक्यात, दुधाळा गावाजवळ, लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात, अमेरिकेतल्या वेधशाळांसारख्याच. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. जमीन शांत, भूकंपाची आणि रहदारीची थरथर कमी, म्हणून ही जागा निवडली. अमेरिकेपासून इतक्या लांब आणखी एक कान मिळाला की लहर आकाशात कुठून आली हे कितीतरी नेमकेपणानं सांगता येईल. लायगोच्या नोंदी ठरावीक काळानंतर जगाला खुल्या होतात आणि आइन्स्टाइन अ‍ॅट होम तशाच नोंदींवर चालतं. औंढ्याची नोंद तशी खुली होईल तेव्हा हिंगोलीतल्या मुलांनी ती बातमीत वाचून सोडून द्यावी, हे मला मान्य नाही. तिचे तुकडे इथल्या मशीनवर उतरले पाहिजेत आणि ते काय आहेत हे इथल्या मुलांना सांगता आलं पाहिजे.

म्हणून जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की जिल्ह्यातल्या दोन कॉलेजांच्या प्राचार्यांना भेटायचं ठरवलं आहे. त्यांच्या लॅबमधली मशीन प्रात्यक्षिकांच्या मधल्या वेळात नुसती चालू असतात. अर्ज तयार आहे. त्यात मशीनमागे जास्तीचे वॅट किती आणि महिन्याला युनिट किती हे लिहिलं आहे, परीक्षेच्या दिवसांत आणि एप्रिल-मेमध्ये काम पूर्ण बंद राहील हे लिहिलं आहे, आणि प्रोग्रॅम हवा तेव्हा एका क्लिकमध्ये काढता येतो हेही. औंढ्याची ती मुलगी आता त्यातल्याच एका कॉलेजात बी. एस्सी.ला आहे, लॅबमधल्या मुलांना समजावून सांगायचं काम तिनं घेतलंय. पंख्यांची धूळ महिन्यातून एकदा मी येऊन काढून देईन, असं अर्जाच्या शेवटी लिहिलं आहे.